कर्णबधिर माणसाचा फोन कसा राखावा: घरच्यांसाठी आणि शिक्षकांसाठी

हा लेख कर्णबधिर माणसाच्या हातात ठेवून मोकळं होऊ नका. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बहुतेकांची सोयीची भाषा खुणांची असते. मराठी ते शाळेत डोळ्यांनी शिकलेले असतात, तीही पुष्कळदा अर्धीमुर्धी. पानभर मजकूर पुढे केला की अनेक जण मान हलवून 'समजलं' म्हणतात, कारण समजलं नाही असं सांगितलं की समोरचा वैतागतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. तेव्हा वाचायचं तुम्ही: भाऊ, बहीण, सून, कर्णबधिर विद्यालयातले शिक्षक, गावातलं सेवा केंद्र चालवणारा मुलगा. आणि शिकवायचं ते त्यांचा फोन त्यांच्याच हातात ठेवून.

फसवणुकीची भीती वाटली की घरात पहिला उपाय सुचतो तो फोन काढून घेण्याचा. तो करू नका. व्हिडिओ कॉल हेच त्यांचं बोलणं आहे. फोन गेला की मित्र तुटतात, काम तुटतं, आणि माणूस चोरून दुसऱ्याच्या फोनवरून व्यवहार करायला लागतो, जे जास्त धोक्याचं.

अडतं कुठे

ऐकू येणाऱ्या माणसाला शंकास्पद मेसेज आला तर तो बँकेत फोन लावतो, नाहीतर मेहुण्याला विचारतो. दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. कर्णबधिर माणसाची नेमकी हीच वाट बंद असते. बँकेची हेल्पलाइन 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणत राहते. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबरही आवाजावरच चालतो. चोर मात्र चॅटवर, फोटोंतून, व्हिडिओतून थेट पोचतो.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. 'तुमच्या खात्यात ५००० रुपये' आणि 'तुमच्या खात्यातून ५००० रुपये' या दोन ओळींत फरक एका 'तून'चा. खुणांच्या भाषेत देणं-घेणं हाताच्या दिशेने दिसतं: हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला की दिलं, तुझ्याकडून माझ्याकडे आला की मिळालं. तिथे घोटाळा होत नाही. लिखित मराठीत मात्र ती सगळी दिशा शब्दाच्या शेपटात लपते. इंग्रजी मेसेजचं तर विचारूच नका. क्रेडिटेड आणि डेबिटेड हे शब्द अर्ध्याहून अधिक सारखेच दिसतात.

म्हणून शिकवणीची सुरुवात इथून करा. त्यांच्या फोनमधले बँकेचे जुने दहा मेसेज काढा. एकेक मेसेज दाखवा आणि फक्त हाताने दिशा दाखवायला सांगा: पैसे आले तर हात छातीकडे, गेले तर बाहेर. इंग्रजी मेसेजमध्ये पूर्ण शब्द वाचायचा हट्ट धरू नका. पहिलं अक्षर सी की डी एवढंच बघायचं. शाळेत गेलेल्यांना ही दोन्ही अक्षरं बोटांनी करता येतात. दहापैकी दहा बरोबर येईपर्यंत पुढचं काही शिकवू नका. आठ बरोबर म्हणजे दोनदा पैसे जाणार.

त्याला जोडूनच मेसेज पाठवणाऱ्याचं नाव. बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो इंग्रजी अक्षरांच्या छोट्या नावावरून येतो, आणि मे २०२५पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर असतं: व्यवहाराला टी, सेवेला एस, सरकारी असेल तर जी, जाहिरात असेल तर पी. एवढं सगळं पाठ करायची गरज नाही. 'वर दहा आकडे दिसले तर ती बँक नाही' हे पुरे. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा' हा मेसेज जवळजवळ नेहमी अशाच नंबरावरून येतो. तो आला की मेसेजवर विश्वास न ठेवता ॲप उघडून शिल्लक बघायची.

पिनचा धडा, एका रुपयात

यूपीआयचा एकच नियम डोक्यात पक्का बसवायचा: पिन टाकला म्हणजे पैसे गेले. अपवाद फक्त आपण स्वतः शिल्लक बघतो तेव्हाचा; तिथे पिन लागतो, पण पैसे जात नाहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काही 'मान्य' करावं लागत नाही.

हे सांगून बसत नाही, करून बसतं. तुमच्या फोनवरून त्यांना एक रुपया पाठवा. त्यांच्या फोनने पिन मागितला का? नाही. आता त्यांना तुम्हाला एक रुपया पाठवायला लावा. पिन आला. मग तुमचा क्यूआर त्यांना स्कॅन करायला द्या. पुन्हा पिन आला, पुन्हा रुपया गेला. पाच-सहा वेळा केलं की दुसऱ्याच्या क्यूआरकडे बघण्याची नजरच बदलते.

एक गोम आहे. यूपीआय लाइट चालू असेल तर हजार रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय जातं. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून पैसे पाठवायची सोयही आता आली आहे. सवय झालेल्यांना ती बरी, पण नवशिक्यासाठी दोन्ही बंद ठेवा, म्हणजे 'पिन = पैसे गेले' या नियमाला आणखी अपवाद उरत नाही. अपवाद समजावताना खुणांच्या भाषेतही दमछाक होते.

एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे 'मागण्याची' सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली आहे. तरी दुकानाच्या नावाने मागणी येऊ शकते, ऑटोपेची, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची, मंजुरीही मागितली जाते. जे स्वतः मागवलं नाही त्यावर डिक्लाइन दाबायचं.

खाती दोन ठेवा. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, कापूस-सोयाबीनचे मोंढ्यातले पैसे ज्या खात्यात येतात त्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं छोटं खातं रोजच्या खर्चाचं, त्यात दोन-तीन हजार. गेलेच तर तेवढेच जातील. एटीएम कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, तेही आजच करून टाका.

सापळे, जसे फोनवर दिसतात तसे

अनुदानाचा मेसेज: 'तुमचं अनुदान थांबलं आहे, आज रात्रीपर्यंत केवायसी करा', खाली लिंक. आपल्याकडे हा हमखास लागू पडतो, कारण अनुदान खरंच कधीकधी थांबतं आणि हयातीचा दाखला खरंच मागतात. खरं काम तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा तलाठ्याकडे होतं, व्हॉट्सॲपवर नाही. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचंही तसंच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज फुकट आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. 'टक्केवारी वाढवून देतो, आधी ५०० पाठवा' म्हणणारा चोर आहे.

एपीके फाइल: यावर जरा थांबू, कारण इथे नुकसान मोठं होतं आणि माणसाला आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळत नाही. तुळशीचं लग्न झालं की 'लग्नपत्रिका', एरवी 'आरटीओ चलन' किंवा 'पीएम किसान यादी' अशा नावाची फाइल येते, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्याचा फोन आधीच बळकावलेला असतो. नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या माणसाने न बघताही चोराकडे पोचतो. पुढे घरचे ओरडतात, 'ओटीपी का दिलास?' आणि तो हात हलवून सांगत राहतो की दिला नाही. तो खरंच बोलत असतो.

असली ॲप बरेचदा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगीही मागतात. ती मिळाली की चोराला पडदा दिसतो आणि बटणंही दाबता येतात. ऐकू येणारा माणूस त्या शब्दाला बिचकतो. कर्णबधिर माणूस मात्र तो शब्द रोज बघतो: बोलणं लिहून दाखवणारं ॲप, घंटा वाजली की फ्लॅश लावणारी सोय, सगळं त्याच मेन्यूत असतं. म्हणून तो पटकन 'अलाऊ' दाबतो. नियम असा ठरवा: ॲक्सेसिबिलिटीतलं काही चालू करायचं तर आपण सेटिंग उघडून करायचं. ॲपने स्वतःहून मागितली तर नाही म्हणायचं. एनीडेस्कसारखी पडदा दाखवणारी ॲपही कोणाच्या सांगण्यावरून टाकायची नाहीत.

व्हिडिओ कॉल: खाकी गणवेश, मागे झेंडा, हातात कागद: 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओवरच 'तुला अटक झाली' म्हणून धमकावणं. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. बोललेलं कळत नसल्याने कर्णबधिर माणूस वाचेल असं वाटतं, पण चोर कागदावर लिहून दाखवतो, चॅटमध्ये वॉरंट टाकतो, आणि गणवेशाची भीती डोळ्यांतूनच शिरते. दुसरा प्रकार अनोळखी बाईच्या नग्न व्हिडिओ कॉलचा. पडदा रेकॉर्ड होतो आणि मग पैशांसाठी धमकी येते. व्हिडिओ कॉल उचलणं त्यांच्यासाठी 'हॅलो' म्हणण्याइतकं सहज असल्याने ते लगेच उचलतात. हा विषय घरात मोकळेपणाने खुणांत काढा. लाजेपायी गप्प राहिलेला मुलगा पाच-सहा वेळा पैसे भरतो.

मित्राच्या नावाने पैसे मागणे: खातं बळकावून चोर त्याच्या सगळ्या ग्रुपवर लिहितो, 'दवाखान्यात आहे, ३००० पाठव'. नियम: पैसे मागितले की व्हिडिओ कॉल, आणि त्यावर आधी ठरवलेली गुप्त खूण. खुणांचं नाव, म्हणजे हाक मारायला नावाऐवजी करतात ती खूण, प्रत्येकालाच असतं, पण ते सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दोघांतच राहील अशी वेगळी खूण ठरवा. खूण करताना हात चेहऱ्यासमोरून न्यायला सांगा, म्हणजे चेहरा बदलून दाखवणाऱ्या बनावट व्हिडिओलाही ते अवघड जातं. 'कॅमेरा बिघडलाय' हे उत्तर आलं की समजायचं तो मित्र नाही. कर्णबधिर माणसाचा कॅमेरा बिघडला तर तो आधी मोबाइलच्या दुकानात पळेल.

खातं भाड्याने: 'तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिना पाच हजार घे.' बेरोजगार पोरांना हे नोकरीसारखं वाटतं. त्या खात्यातून इतरांचे लुटलेले पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव खातेदाराचं येतं.

आपल्याच माणसाने आणलेली योजना

सगळ्यांत अवघड सापळा हाच. खुणांच्या भाषेत छान व्हिडिओ बनवणारा, मेळाव्यात भेटलेला, स्वतःही कर्णबधिर असलेला कोणी 'दुप्पट पैसे' सांगतो. ऐकू येणारं जग नीट वागवत नसताना आपल्या भाषेत बोलणाऱ्यावर विश्वास बसणारच. शिवाय हा माणूस चोर असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो स्वतःही वरच्या कोणावर तरी विश्वास ठेवून फसलेला असतो.

हे आपल्याकडचंच दुखणं नाही. २००९मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने हवाईतल्या 'बिलियन कूपन्स' या कंपनीवर कारवाई केली. तिने अमेरिका आणि जपानमधल्या सुमारे १२५ कर्णबधिर लोकांकडून ४४ लाख डॉलर गोळा केले होते. महिन्याला २५ टक्क्यांपर्यंत परताव्याचं आश्वासन होतं, आणि जुन्यांना पैसे नव्यांच्याच पैशातून दिले जात होते.

टक्केवारी खुणांनी समजावणं कठीण, कॅल्क्युलेटरने सोपं. १०,००० लिहा, १.२५ने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा १.२५ने, असं बारा वेळा. वर्षाअखेर आकडा १,४५,०००च्या पुढे जातो. शेजारी बँकेच्या सात टक्क्यांच्या ठेवीचे १०,७०० लिहा. दोन आकडे एकमेकांशेजारी दिसले की भाषा लागत नाही.

मग तीन प्रश्न विचारायला शिकवा: पैसे कोणाच्या खात्यात जातात, माणसाच्या की कंपनीच्या? पावती कुठे आहे? दोन नवे सभासद आणले नाहीत तर काय होईल? कोणी ठेवी गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर त्याची चौकशी आणि तक्रार दोन्ही लेखी करता येतात. पैसे अडकले असतील तर महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९चा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवरचा केंद्राचा कायदा २०१९चा. एकेकट्याने न जाता फसलेल्या सगळ्यांनी मिळून पोलिसांकडे जा.

दुकान चालवणाऱ्यांसाठी

शिलाई, पंक्चर, चहाचा गाडा, इस्त्री, मोबाइल दुरुस्ती: असले धंदे अनेक कर्णबधिर करतात. पैसे आल्याचं बोलणारा साउंडबॉक्स त्यांच्या उपयोगाचा नाही, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. गिऱ्हाईक हिरवी 'बरोबर'ची खूण आलेला पडदा दाखवतं आणि निघून जातं. तो जुना स्क्रीनशॉट असतो किंवा खोट्या ॲपचा पडदा. आकडा पडद्यावर दाखवणारा साउंडबॉक्स मिळतो, तोच मागा. तो नसेल तर गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघायचंच नाही. आपल्या ॲपच्या व्यवहार यादीत सगळ्यात वर रक्कम, नाव आणि वेळ दिसली तरच वस्तू द्यायची. 'माझ्या फोनवर दिसलं की देतो' अशी पाटी क्यूआरशेजारी लावली की रोजची हुज्जत वाचते.

फोनची मांडणी: एका तासाचं काम

हे तुम्ही करून देऊ नका. बोट त्यांचं, सांगणं तुमचं.

१. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन लावा. तो जन्मतारीख किंवा १२३४५६ नको.

२. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स: 'माय कॉन्टॅक्ट्स'. अनोळखी माणूस ग्रुपमध्ये ओढू शकत नाही.

३. प्रायव्हसीतच कॉल्स: 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू. अनोळखी व्हिडिओ कॉल पडद्यावर उसळत नाही, यादीत मात्र दिसतो.

४. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. आपण न जोडलेला संगणक दिसला तर लॉग आउट.

५. स्टोरेज अँड डेटामध्ये डॉक्युमेंट आपोआप डाउनलोड होणं बंद.

६. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, सगळ्यांसमोर 'नाही'. कंपनीगणिक मेन्यू बदलतो. सापडत नसेल तर सेटिंगच्या शोधचौकटीत 'अननोन' लिहा. एपीकेविरुद्ध सगळ्यात भक्कम कुलूप हेच.

७. बँकेच्या मेसेजला वेगळी, लांब थरथर लावा. फोनमध्ये फ्लॅश नोटिफिकेशनची सोय असेल तर तीही चालू करा. पैसे गेल्याचा मेसेज रात्री चार्जिंगला लावलेल्या फोनवर तसाच पडून राहतो, हे फार होतं.

८. फोनच्या डायलरमध्ये *#२१# टाका. कॉल दुसऱ्या नंबरावर वळवले असतील तर दिसतं. ##००२# टाकलं की वळवणं रद्द. ऐकू येणाऱ्याला एक-दोन दिवसांत कळतं की फोन येणं बंद झालंय. कर्णबधिर माणूस कॉल घेतच नाही, त्यामुळे त्याचे कॉल महिनोन्‌महिने चोराकडे जाऊ शकतात, आणि व्हॉट्सॲपचा कोड कॉलवरही सांगितला जातो! महिन्यातून एकदा हे तपासा.

९. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. माहिती नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं. शंकास्पद कॉल-मेसेजची तक्रार त्याच ठिकाणी 'चक्षू'मध्ये लिहून करता येते, बोलावं लागत नाही.

अंगठ्याचा व्यवहार

गावातल्या मिनी बँकेत आधारवर अंगठा लावून पैसे काढताना 'फेल गेलं, परत लाव' अशी खूण होते. पहिला व्यवहार फेल गेला की झाला, हे विचारायची सोय नसते. पावती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा लावायचा नाही. फेल गेल्याचीही पावती निघते.

एरवी आधारचे बायोमेट्रिक एमआधार ॲपवरून लॉक ठेवता येतात, फुकट. पण एक लक्षात ठेवा: लॉक असेल तर रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, यंत्रावर ३३० हा कोड येतो. दुकानात जाण्याआधी तात्पुरतं अनलॉक करायला शिकवलं नाही तर पहिल्याच महिन्यात धान्यावाचून परत यावं लागतं, आणि मग माणूस लॉक कायमचं काढून टाकतो.

पैसे गेले तर

आधी बोलणारा साथी ठरलेला हवा. एक नाही, दोन. बीड-धाराशिवकडे दिवाळीनंतर निम्मं घर ऊसतोडीला जातं, तेव्हा दोघांपैकी एक तरी गावातच राहणारा असावा. साथीचं काम फोनवर बोलण्याचं. पिन आणि ओटीपी त्यालाही कळू द्यायचे नाहीत.

एपीके टाकलेलं असेल तर पहिल्यांदा एअरप्लेन मोड, आणि वायफायही बंद. पुढचं सगळं साथीच्या फोनवरून. लगेच फोन रीसेट मारू नका, पुरावा जातो. फाइल कोणाकडून आली ती चॅट आणि व्यवहाराचे मेसेज दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपून घ्या. मग ते ॲप काढा. काढायचं बटण दबत नसेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधून त्याची परवानगी आधी काढावी लागते. रीसेट त्यानंतर.

साथीने १९३०वर फोन लावायचा, कर्णबधिर माणूस शेजारी बसलेला. विचारतील त्या गोष्टी आधी कागदावर: नाव, मोबाइल, बँक, खाते क्रमांक, किती रुपये, कधी, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो यूपीआय ॲपच्या यादीत त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. तक्रार क्रमांक मेसेजने येतो, तो जपा. साथी मिळत नसेल तर वाट बघू नका; सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर हीच तक्रार लिहून होते, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून. इथे हा ओटीपी द्यायचा असतो, हे नीट सांगा, नाहीतर 'ओटीपी कोणाला देऊ नको' हे पाठ झालेलं माणूस तिथेच अडतं.

घाई यासाठी की चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि मग कुठेतरी एटीएममधून निघतात. निघायच्या आत कळवलं तर गोठवता येतात. 'आज रविवार आहे, उद्या बँकेत जाऊ' यातच ते जातात.

बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एसएमएस आणि ईमेलवरूनही तक्रार घ्यायची सोय बँकेने ठेवायची असते, फोनच करा असं म्हणता येत नाही. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा पडत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित पडतो. पिन-ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. एपीकेच्या प्रकरणात 'ओटीपी कोणालाही दिला नाही' हे अर्जात स्पष्ट लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. तीही लेखी आणि फुकट.

पोलीस ठाणं कुठलंही चालतं. 'हे आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३पुढे टिकत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. जबाब देताना दुभाषा मागता येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६चं कलम १२ न्याय मिळण्याच्या कामात अशा मदतीबद्दलच आहे. दुभाषा येईपर्यंत टेबलावर फोन ठेवून गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीत लावा. ठाण्यातल्या गोंगाटात ते आकडे चुकीचे उमटवतं, तेव्हा रकमा आणि तारखा कागदावरच लिहून घ्या.

काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' असा मेसेज येईल. बहुतेक तीच टोळी असते. फी मागितली की ब्लॉक.

कव्हरातला कागद

खालचा मजकूर मोठ्या अक्षरात छापून, लॅमिनेट करून फोनच्या कव्हरात ठेवा. गाव बदललं तरी, अनोळखी माणसासमोरही चालतो.

'मी कर्णबधिर आहे. माझ्या खात्यातून फसवून पैसे गेले आहेत. कृपया तुमच्या फोनवरून १९३०ला फोन लावा आणि मी दाखवतो ते वाचून सांगा. माझा पिन किंवा ओटीपी विचारू नका. माझ्याशी लिहून बोला, छोटी वाक्यं लिहा. माझा साथी: (नाव, नंबर). दुसरा साथी: (नाव, नंबर).'

मागच्या बाजूला बँकेचं नाव, शाखा, तक्रारीचा ईमेल आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. पूर्ण खाते क्रमांक आणि पिन तिथे नको. कागद तयार झाला की त्यांना एकदा किराणा दुकानात पाठवा, दुकानदाराला तो दाखवून तुम्हाला फोन लावून घ्यायला सांगा. दुकानदार गोंधळला तर मजकुरात बदल करा. साथीचा नंबर बदलला की कागदही नवा.